हजेरीची दहा मिनिटे

गेल्या महिन्यात धुळ्यात, पदोन्नतीने नुकतेच सहायक फौजदार आणि फौजदार झालेल्या ३५ जणांसमोर मला दोन दिवस बोलायचे होते. कार्यक्रमपत्रिकेवर विषय लिहिला होता ‘पर्यवेक्षकीय अधिकाऱ्यांसाठी नेतृत्वगुण’. मी स्वतः शिपाई म्हणून भरती झालो, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बहुतेक काळ जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत गेला, मधली तीन वर्षे नंदुरबारला काढली. ‘नेतृत्व’ हा शब्द मी वर्गात शक्यतो उशिरा उच्चारतो, कारण तो ऐकला की समोर बसलेल्यांच्या डोळ्यांपुढे पोलीस अधीक्षक उभे राहतात, आपण स्वतः उभे राहत नाही. म्हणून पहिल्या तासाला मी एवढेच विचारले की तुमच्या ठाण्यात हजेरी कोण घेते, ती किती वेळ चालते आणि तिच्यात काय बोलले जाते.

हजेरी म्हणजे काय, हे खात्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. सकाळी आणि संध्याकाळी ठाण्याच्या आवारात कर्मचारी ओळीत उभे राहतात, नावे पुकारली जातात, वरून आलेली परिपत्रके वाचून दाखवली जातात, पाहिजे असलेल्या आरोपींची माहिती दिली जाते आणि कोणी कोठे जायचे ते सांगितले जाते. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. ड्युटी लावण्याचे काम प्रत्यक्षात हजेरी मेजर करतो आणि प्रभारी अधिकारी तिच्यावर सही करतो. ठाण्यातला शिपाई दिवसभरात आपल्या साहेबाला समोरासमोर पाहतो तो बहुधा याच दहा मिनिटांत. त्यानंतर तो बीटवर म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीत, न्यायालयात, समन्स बजावायला, कैदी पार्टीला म्हणजे कैद्यांची ने-आण करायला किंवा एखाद्या चौकातल्या पॉइंटवर एकटा असतो. तेथे त्याचे वागणे साहेबाला दिसत नाही. साहेब हजेरीत त्याच्याशी जसा वागला, ते मात्र तो बरोबर घेऊन गेलेला असतो.

वर्गाचे उत्तर अपेक्षेप्रमाणेच आले. हजेरीत बहुतेक वेळ प्रलंबित कामांची यादी आणि रागावणे यांतच जातो. ‘समन्स परत का आले, वॉरंट का बजावले नाही, अर्ज चौकशी किती दिवस ठेवणार’, हे प्रश्न रोज ओळीत, सगळ्यांदेखत विचारले जातात. प्रश्न चुकीचे नाहीत, कारण कामे खरोखर थकलेली असतात. परंतु बावीस वर्षांचा शिपाई आणि त्याच्या वडिलांच्या वयाचा हवालदार एकाच ओळीत उभे असताना हवालदाराला एकेरी बोलले जाते, तेव्हा त्या दोघांनाही एकच गोष्ट शिकायला मिळते : ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने समोरच्याचे वय पाहण्याची गरज नाही. पुढे अर्ज घेऊन आलेल्या म्हाताऱ्याशी तोच शिपाई एकेरीत बोलतो आणि आपण त्याच्या वर्तणुकीवर शेरा मारतो.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. फौजदार होऊन मला वर्ष झाले नव्हते तेव्हाची गोष्ट आहे. एका सणाच्या बंदोबस्ताच्या आदल्या दिवशी एका शिपायाने हजेरीच्या ओळीतूनच एक दिवसाची किरकोळ रजा मागितली. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले होते. रजा देणे मला शक्य नव्हते, हे आजही मी म्हणेन. पण मी ‘नाही’ म्हणण्याऐवजी सगळ्यांसमोर म्हणालो, “तुम्हाला नोकरी करायची आहे की आईची सेवा?” तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, चौकात हातगाडी मागे घ्यायला उशीर लावला म्हणून त्याने एका भाजीवाल्याला काठीने मारले. मी त्याचा कसुरी अहवाल पाठवला, ओ. आर. मध्ये, म्हणजे वरिष्ठांपुढच्या ऑर्डर्ली रूममध्ये, त्याला शिक्षा झाली आणि माझे मन त्या वेळी अगदी स्वच्छ होते. भाजीवाल्याला मारणे हा त्याचाच दोष होता आणि शिक्षा योग्यच होती. पण त्या अहवालात आदल्या दिवशीचे माझे वाक्य कोठेच नव्हते आणि ते तेथे असायला हवे होते, हे उमगायला मला दहा वर्षे लागली. त्याच्या जागी भाऊ किंवा मेहुणा दवाखान्यात जाऊ शकतो का, दुपारचा पॉइंट बदलून त्याला संध्याकाळी तरी सोडता येईल का, हे विचारायला दोन मिनिटे लागली असती. ती दोन मिनिटे कशी वापरायची, हे मला कोणी शिकवले नव्हते.

शिकवण्याचा हा प्रश्न जुना आहे. केंद्र सरकारने १९७१ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस प्रशिक्षणाविषयी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७३ मध्ये आला. कायदा आणि कवायत यांच्यापलीकडे माणसांशी वागण्याची दृष्टी प्रशिक्षणात यावी, हा त्या समितीचा आग्रह होता. त्यानंतर १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने, म्हणजे धर्मवीर आयोगाने, १९७९ च्या आपल्या पहिल्याच अहवालात शिपायांच्या कामाची स्थिती हाती घेतली आणि घरकामासाठी ऑर्डर्ली ठेवण्याची पद्धत बंद करावी असे सांगितले. आयोगाने सुरुवातच शिपायापासून केली, यात मला मोठा अर्थ दिसतो. आज नाशिकच्या शतकाहून जुन्या अकादमीत थेट भरती झालेला फौजदार दीर्घ प्रशिक्षण घेतो, आपल्या धुळ्यातही शिपायांचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी हैदराबादची राष्ट्रीय अकादमी आहे. मधला माणूस मात्र या सगळ्याच्या मध्ये राहून जातो. वीस-पंचवीस वर्षे हवालदारापर्यंत चढत आलेल्या माणसाच्या बाहीवरच्या तीन फिती एका आदेशाने जातात आणि खांद्यावर तारा येतो. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर त्याने डबा खाल्ला, त्यांना आजपासून त्याने काम सांगायचे असते. काल ज्याला तो ‘काय रे’ म्हणत होता, त्याची रजा आज त्याने नाकारायची असते. ही अवघड जागा कशी सांभाळायची, याचा सराव त्याला थोडक्यातच मिळतो, आणि तोही बहुधा व्याख्यानातून.

म्हणून मी व्याख्यान कमी करून एक कोरा तक्ता वाटतो. एका काल्पनिक ठाण्याची मंजूर संख्या ५० आहे. त्यातून रजेवर असलेले, प्रशिक्षणाला गेलेले, मुख्यालयात किंवा दुसऱ्या शाखेत संलग्न असलेले वजा करा. मग ठाणे अंमलदार, वायरलेस, कोठडीचा पहारा, मुद्देमाल कारकून, न्यायालयाचे पैरवी अंमलदार, समन्स-वॉरंटचे लोक आणि चालक काढा. उरलेल्या १७ जणांत गणपती विसर्जनाचे ११ पॉइंट, दोन फिरती पथके आणि रात्रीची गस्त बसवायची आहे. प्रत्येकाला कर्मचाऱ्यांची नावे आणि थोडी माहिती दिलेली असते : कोणाला मधुमेह आहे, कोणाचे मूल सहा महिन्यांचे आहे, कोण काल रात्रभर जागा होता, कोण तक्रारखोर आहे, कोण कधीच काही बोलत नाही. तक्ते गोळा केले की मी फक्त एक गोष्ट मोजतो. जो कधीच काही बोलत नाही, त्याच्या वाट्याला काय आले?

धुळ्यात ३५ पैकी बहुतेकांच्या तक्त्यात त्याच्या वाट्याला रात्रगस्त आली होती, आणि तीही कालच्या जागरणानंतर. तक्रारखोराला मात्र सगळ्यांनी ठाण्याजवळचा, सावलीतला पॉइंट दिला होता. हे कोणी दुष्टपणाने केले नव्हते. काम मार्गी लावायचे असते आणि कटकट नको असते, म्हणून हात आपोआप गरीब स्वभावाच्या माणसाच्या नावाकडे जातो. मी सांगितले की आता तुमच्या स्वतःच्या ठाण्यातल्या पाच जणांची नावे लिहा आणि गेल्या सहा महिन्यांत त्यांच्या साप्ताहिक सुट्ट्या किती वेळा रद्द झाल्या ते समोर लिहा. खोलीत बराच वेळ कोणाचे पेन हलले नाही. यावल तालुक्याकडचे एक जुने सहायक फौजदार होते, त्यांनी शेवटी म्हटले, “साहेब, तक्रार करणाऱ्याचा हिशेब तोंडपाठ आहे, गप्प बसणाऱ्याचा नाही.” त्या दोन दिवसांत मला त्या वाक्याइतके उपयोगी काही मिळाले नाही.

ओळीतल्या वागण्याचा आणि खिडकीशी आलेल्या फिर्यादीचा संबंध आहे, असे मी म्हणतो, तेव्हा काहींना ते ओढूनताणून जोडलेले वाटते. त्यांच्यासाठी मी प्रत्यक्ष पाहिलेला एक प्रसंग सांगतो. जळगाव जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्यात संध्याकाळी सातच्या सुमारास एक बाई आली. पायांना शेतातली माती तशीच होती. ती ठाणे अंमलदारासमोर उभी राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “साहेब, मनी पोर घर उनी नही”, म्हणजे माझी मुलगी घरी आली नाही. अंमलदाराच्या टेबलावर अपघाताचे कागद पसरलेले होते आणि फोन वाजत होता. त्याने पेन खाली ठेवले, स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि म्हणाला, “बस माय, पानी पी. काय व्हयनं ते सांग.” ती बसली, पाणी प्यायली आणि मग मुलगी पंधरा वर्षांची आहे, दुपारी शाळेतून निघाली, कोणत्या मैत्रिणीबरोबर होती, अंगावर कोणते कपडे होते, हे सारे ओळीने सांगू लागली. कायदा येथे स्पष्ट आहे. अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची खबर आली की ती केवळ ‘मिसिंग’ म्हणून नोंदवून थांबायचे नसते, अपहरणाचा गुन्हा दाखल करून तपास सुरू करायचा असतो आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसे बजावले आहे. पण त्या कलमापर्यंत पोहोचायला जी माहिती लागते, ती खुर्ची सरकवल्यावर मिळाली. मुलगी त्याच रात्री नातेवाइकांकडे सुखरूप सापडली.

मी त्या अंमलदाराला नंतर विचारले की ही सवय कोठून आली. तो म्हणाला की आमचे पूर्वीचे साहेब रात्री गस्तीवरून परतल्यावर पहारेकऱ्याला आधी बसायला सांगायचे आणि मग अहवाल विचारायचे.

खान्देशात पर्यवेक्षकाला आणखी एक गोष्ट शिकावी लागते आणि ती म्हणजे भाषा. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाले. पण या नकाशांपेक्षा बोलींचा नकाशा कामाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तापीकाठी अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, सातपुड्यात भिली आणि पावरी, नवापूरकडे मावची. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून चालत आलेल्या माणसाची फिर्याद प्रमाण मराठीत लिहून घेताना काय गळते, हे ज्याला कळते तो पर्यवेक्षक आपल्या ठाण्यातल्या पावरी बोलणाऱ्या शिपायाला नाक्यावर उभा करणार नाही, अंमलदाराशेजारी बसवेल. आपल्या माणसांपैकी कोणाला काय येते याची नोंद ठेवणे हे मला नेतृत्वाचे अगदी पहिले काम वाटते.

आपल्या भागातल्या प्रशिक्षणांत या ठिकाणी कोणीतरी जेम्स आउट्रमचे नाव काढतोच. १८२५ मध्ये या इंग्रज लेफ्टनंटने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभी केली आणि भिल्लांच्या विश्वासाला तो पात्र ठरला, हा इतिहास खरा आहे. मला तो आदर्श म्हणून मांडलेला आवडत नाही. माणसे ओळखण्याची त्याची हातोटी परक्या सत्तेचा अंमल त्याच माणसांच्या डोंगरांवर बसवण्यासाठी वापरली गेली. आपल्या वर्गात तीच हातोटी शिकवायची असेल, तर ती कोणासाठी वापरायची आहे हे त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

आपल्याच मातीतला सर्वांत कठीण धडा १ जुलै २०१८ चा आहे. साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. भिक्षा मागत फिरणारी, बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातली ती माणसे होती. या घटनेवर वर्गात बोलताना मी कोणाला दोष देत नाही. मी एवढेच विचारतो की असा फोन तुमच्या ठाण्यात आला आणि जवळ एक गाडी व तीन माणसे आहेत, तर पहिली दहा मिनिटे तुम्ही काय कराल. नियंत्रण कक्षाला कोण कळवेल, पोलीस पाटलाला कोण फोन लावेल, जमावाशी कोणत्या बोलीत आणि कोण बोलेल, माणसांना हलवायला कोणती वाट आहे. अशा वेळी घटनास्थळी पहिला पोहोचणारा अधीक्षक नसतो. तो बहुधा हवालदार किंवा फौजदार असतो आणि त्याच्यामागचे दोघे त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असतात. त्या दोघांचा त्याच्यावर विश्वास आहे की नाही, हे त्या दिवशी ठरत नाही, आधीच्या सहा महिन्यांत ठरलेले असते. शिवाय अफवा तेथे आठवडाभर फिरत असते आणि ती बीट अंमलदाराच्या मोबाइलवरही आलेली असते. ती त्याने हजेरीत सांगावी असे वातावरण तुम्ही ठेवले आहे का, हा त्यातला खरा प्रश्न आहे. जो साहेब ओळीत फक्त रागावतो, त्याला कोणीही आपण होऊन काही सांगत नाही.

खालून आलेले ऐकून घेतल्याने काय होऊ शकते, याची दोन उदाहरणे मी नेहमी देतो. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळ्यांचा प्रयोग सुरू झाला. त्याचा आराखडा एका शिपायाने तयार केला होता आणि तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो बाजूला न सारता समजून घेतला. बारा तासांहून अधिक ड्युटी ही जणू निसर्गाचीच व्यवस्था आहे असे आम्ही सगळे मानत आलो होतो. दुसरे उदाहरण भिवंडीचे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या त्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या आणि त्यांत दोन्ही समाजांच्या सामान्य माणसांबरोबर बीटवरच्या शिपायाला महत्त्वाचे स्थान दिले. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. आपल्याकडे शांतता समितीच्या बैठका होतात, पण त्यांत नेहमीचेच मान्यवर पुढच्या खुर्च्यांवर असतात आणि त्या गल्लीत रोज फिरणारा शिपाई चहाची व्यवस्था पाहत दाराशी उभा असतो. नव्या फौजदारांना मी कळकळीने सांगतो की पुढच्या बैठकीत त्याला बसायला खुर्ची द्या आणि दोन वाक्ये बोलू द्या.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यामुळे या विषयाला एक नवीन बाजू आली आहे. झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आता करावे लागते आणि सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी येण्याची तरतूद आहे. मोबाइलवरचे हे काम पंचवीस वर्षांच्या शिपायाला पन्नाशीतल्या सहायक फौजदारापेक्षा अधिक चांगले येते. “पोरा, हे मला दाखव” असे म्हणता येणे, तेही हजेरीत, सगळ्यांसमोर, याचा मी वर्गात प्रत्यक्ष सराव करून घेतो. अनेकांना ते वाक्य उच्चारायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक महिला फौजदार उठून म्हणाल्या की तुम्ही तक्त्यात बंदोबस्ताचे पॉइंट दिलेत, पण महिला शिपायाला त्या पॉइंटजवळ स्वच्छतागृह कोठे आहे हा रकाना नाही. त्या अगदी बरोबर होत्या. सारंगखेड्याच्या घोडेबाजारापासून जळगावच्या रथोत्सवापर्यंत इतक्या यात्रांचे बंदोबस्त मी लावले, पण तो रकाना मी कधीच आखला नव्हता. त्याच वेळी मी तो फळ्यावर आखला आणि माझ्या छापील तक्त्यातही आता घातला आहे.

या आठवड्यात त्यांनी मला त्यांच्या ठाण्यातल्या भिंतीचे छायाचित्र पाठवले. तेथे एक मोठा तक्ता लावला आहे. डावीकडे प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव आणि पुढे रात्रपाळी, बंदोबस्त, न्यायालय आणि मिळालेली साप्ताहिक सुट्टी असे रकाने आहेत. सुरुवातीला हजेरी मेजर नाराज झाले, कारण आजवर हा हिशेब त्यांच्या डोक्यात होता आणि तेच त्यांचे वजन होते. या बाईंनी त्यांनाच शेजारी बसवून तक्ता भरायला घेतला, आता तो त्यांच्याच अक्षरात आहे. एका चालकाच्या नावापुढे सुट्टीचा रकाना मात्र पूर्ण महिना कोरा दिसतो. ठाण्याला चालक एकच आहे. दुसरा मिळावा म्हणून त्यांनी जिल्ह्याच्या मोटार परिवहन विभागाकडे पत्र दिले आहे आणि ते मंजूर होईपर्यंत दर रविवारी अर्धा दिवस गाडी चालवायला वाहन परवाना असलेला एक शिपाई तयार झाला आहे.